पट्टा शेवटपर्यंत ओढायचा

हानोव्हरहून आलेली निळी पसाट
मारियामपोलेच्या बाजारात तीन आठवडे पडून होती.
गिऱ्हाइकं दार उघडत, आत वाकत,
आणि नाक मुरडून पुढच्या रांगेकडे निघून जात.
शेवटी मालकानं ती माझ्या शेडमध्ये आणून लावली.
"झिद्रूनास, गुरुवारी दुशान्बेचा माणूस येतोय.
त्याला दमा आहे. बघ काय ते."

बघितलं.
सीट उपसल्या. रुळांच्या खोबणीत राख,
दोन सेंटची तीन नाणी,
अर्धवट सोडवलेलं एक शब्दकोडं.
(सात अक्षरी, मलाही सुचलं नाही.)
छत हलक्या हातानं पुसावं लागतं,
जास्त भिजलं की गोंद सुटतो
आणि कापड लोंबतं म्हाताऱ्या गाईच्या गळ्यासारखं.
फडकं पिळलं, बादलीत कोरा चहा.
चौथ्या बादलीला जरा फिका झाला.
काचांच्या आतून पिवळी साय निघाली.
हवेचा फिल्टर तर असा हातात आला
की तो मूळचा पांढरा असतो
हे कुणाला शपथेवर सांगावं लागलं असतं.

आता खरं सांगतो.
मला वास येत नाही.
सोळाव्या वर्षी पहिली ओढली,
चाळिशीत कधीतरी नाक मिटलं,
नक्की कधी, तेही कळलं नाही.
धंदा मात्र नाकाचाच.

म्हणून स्मिल्ते.
शाळा सुटली की येते, दप्तर टायरवर टाकते,
गाडीत शिरते, दारं लावून घेते, डोळे मिटते.
अकरा वर्षांची आहे. गाडीमागे दोन युरो घेते.

सोमवारी म्हणाली, "सगळीकडे आहे."
सीटवर खायचा सोडा चोळून रात्रभर ठेवला,
पायाशी व्हिनेगरच्या वाट्या.
मंगळवारी म्हणाली, "आता लोणच्याचा येतोय,
आणि लोणच्यामागे तो लपलाय."
कुठे?
तिनं सीटचा पट्टा ओढला, ओढतच गेली,
शेवटी आतला भाग बाहेर आला,
कधी उजेड न पाहिलेला, आणि तोही तपकिरी.
"इथे. बाबा, पट्टा शेवटपर्यंत ओढायचा असतो."
तीस वर्षं हे काम करतोय मी.

रात्री ओझोनचं यंत्र लावलं, शेडला कुलूप घातलं.
वीज पडून गेल्यावर येतो तसला वास मागे राहतो म्हणे.
मी ऐकूनच आहे.

बुधवारी ती आत बराच वेळ बसली.
काच दोन बोटं खाली झाली.
"गेला."
मला इतका आनंद झाला
की खिडकीत अख्खं डोकं घातलं,
"काय? परत सांग!"
ती मागे सरकली. अगदी थोडी.
मोठ्या माणसाला वाईट वाटू नये इतपत.
"आला," म्हणाली.

गुरुवारी मी अंगणापलीकडे टायरांच्या ढिगाशी उभा राहिलो,
तिथूनच ओरडून किंमत सांगितली.
किल्ली स्मिल्तेनं दिली.
माणूस आत बसला, सावकाश श्वास घेतला,
अजून एक घेतला,
आणि खिशातून पैसे काढून टपावर मोजायला लागला.

संध्याकाळी घरी निघालो, आमच्या जुन्या ओपेलमधून.
ती शेजारी बसली, नेहमीसारखी काच खाली केली.
बाहेर उणे चार होतं.
मी चावी फिरवली नाही.
हात लांब करून तिच्या बाजूचा पट्टा धरला
आणि ओढत गेलो, ओढत गेलो.

"हे तू कधी बोलली नाहीस?"
ती काचेतून बाहेर बघत होती.
"ह्या गाडीचे दोन युरो
तुम्ही कधी दिलेच नाहीत."